मंडपेश्वर : खाली लेणे, वर मठ

डोंगर कोरून त्यात ख्रिस्ती साधूंनी मठ आणि प्रार्थनामंदिरे केली, अशी ठिकाणे जगात बरीच आहेत. आफ्रिकेत इथिओपिया देशात लालिबेला म्हणून गाव आहे. तेथे आठशे वर्षांपूर्वी जिवंत खडकातून अकरा चर्चे कोरून काढली. जॉर्जियातील वार्दझिया, आर्मेनियातील गेघार्ड, तुर्कस्तानातील गोरेमेचे खोरे, ही सगळी नावे त्याच पंगतीतली. आपल्यापैकी फार थोड्यांना ती पाहायला मिळतील. पण डोंगराच्या पोटात चर्च आणि त्याच डोंगराच्या माथ्यावर मठ, असे एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रातही आहे. भाईंदरहून लोकलने बोरिवलीकडे निघाले की तिसऱ्या स्थानकावर उतरायचे. ठिकाणाचे नाव मात्र अस्सल आपले आहे : मंडपेश्वर.

नावावरूनच वाचकांच्या लक्षात आले असेल की हे मुळात शंकराचे लेणे. मग त्यात ख्रिस्ती मठ आला कसा, आणि गेला कसा, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे. आपल्या सातबाऱ्यावर जसे एकाखाली एक फेरफार चढत जातात, तसे या खडकावर चढले आहेत. फरक एवढाच, की येथल्या नोंदी तलाठ्याच्या लेखणीने झालेल्या नाहीत, छिन्नी-हातोड्याने झाल्या आहेत.

भाईंदरचा मुलूख

आमच्या लेकीचा संसार भाईंदरला. सुगी आटोपली की चार दिवस तिकडे जायचे, असा आमचा उभयतांचा शिरस्ता. हा सगळा प्रदेश जुन्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचा. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. खाडीच्या कडेला अजून मिठागरे दिसतात. खाजणात बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, हा येथला जुना धंदा. एके काळी मिठागरांच्या पलीकडे भातखाचरे होती. आता बहुतेक ठिकाणी इमारती उभ्या आहेत.

उत्तन, डोंगरी, चौक या बाजूला गेले तर कोळीवाडे आणि जुनी चर्चे भेटतात. दुसऱ्या अंगाला खाडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. येथे पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे राज्य केले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला हा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला. देणारा सुलतान, घेणारे फिरंगी. शेत कसणाऱ्याला कोणी विचारले नाही. मंडपेश्वराची पुढची सगळी गोष्ट या तहापासून सुरू होते.

आधीचे लेणे

मंडपेश्वर बोरिवली पश्चिमेला, दहिसरच्या शिवेजवळ आहे. आजूबाजूला आय. सी. कॉलनीची दाट वस्ती. रिक्षावाला सोडतो त्या ठिकाणी एवढी जुनी वास्तू असेल असे वाटत नाही. समोर मोकळे पटांगण, त्यात पोरे क्रिकेट खेळत असतात, आणि त्यांच्या पाठीमागे एकदम काळ्या खडकात कोरलेले खांब दिसतात. नजर वर नेली की खडकाच्या माथ्यावर छप्पर नसलेल्या उंच भिंती. खाली लेणे आणि वर मठ, असे दोन्ही एकाच नजरेत येते.

लेणे साधारण सहाव्या शतकापासूनचे. घारापुरी आणि जोगेश्वरी या शैव लेण्यांचे हे भावंड. पायऱ्या चढून व्हरांड्यात गेले की जाड, गोलाईचे खांब लागतात. त्यांच्या माथ्यावर उशी दाबून ठेवावी तसे आवळ्याच्या आकाराचे घडीव काम आहे. घारापुरीचे खांब पाहिलेल्याला ओळख लगेच पटेल. आत मोठा मंडप आणि मागे गाभारा, गाभाऱ्यात शिवलिंग. बाजूच्या दालनात नटराजाचे मोठे शिल्प आहे. शिव तांडव करीत आहेत आणि भोवती गणपती, ब्रह्मदेव, विष्णू आदी देव ते पाहत उभे आहेत. हात-पाय तुटलेले, चेहरे झिजलेले, तरी अंगाची लय अशी की पाहणारा आपोआप थांबतो.

या लेण्याला कोठून चिरा आणलेला नाही, चुना नाही, तुळई नाही. वरून खाली, बाहेरून आत, खडक काढीत काढीत जागा केली. आपण विहीर खणतो तेव्हा चार हात कातळ फोडायला किती दिवस लागतात हे आपल्याला माहीत आहे. त्यात चूक झाली तर भर घालता येत नाही. खांब ठेवायचा तेथे तो आधी मनात धरून भोवतालचा दगड काढायचा. ज्यांनी हे केले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

अशा देवस्थानाला जमीन लागते. दिवाबत्ती, नैवेद्य, पुजाऱ्याचे पोट, सारे जमिनीच्या उत्पन्नावर चालते. देवस्थान इनाम आपल्या गावोगावी असते, तशी मंडपेश्वरालाही जमीन होती. पोर्तुगीज आले तेव्हा प्रश्न नुसता देवाचा नव्हता, देवाच्या जमिनीचाही होता.

मठ कसा झाला

वसईच्या मागोमाग येथे फ्रान्सिस्कन पंथाचे साधू आले. इटलीतील असिसी गावच्या संत फ्रान्सिस यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हा पंथ काढला. श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या या मुलाने घरदार सोडले आणि गरिबीचे व्रत घेतले. त्यांचे अनुयायी जाडाभरडा अंगरखा घालत, कमरेला दोरी बांधत. आपल्याकडील गोसाव्या-बैराग्यांसारखाच हा मार्ग. पण येथे आलेल्या साधूंच्या पाठीशी राजाची सत्ता होती, आणि ती कामाला आली.

त्यांच्यातील आंतोनियो दो पोर्तो या साधूचे नाव या भागाच्या इतिहासात वारंवार येते. त्याने अनेक चर्चे उभारली, आणि अनेक देवळे पाडली किंवा बंद केली, अशी नोंद त्यांच्याच पंथाच्या लोकांनी अभिमानाने करून ठेवली आहे. जवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपैकी एकाचेही त्या काळात चर्च करण्यात आले होते. मंडपेश्वराचे लेणे सोळाव्या शतकाच्या मध्याला ताब्यात घेतले गेले. मूर्तींच्या पुढे भिंत घालून त्या झाकल्या, दर्शनी बाजूला बांधकाम केले, आणि मंडपाचे प्रार्थनामंदिर झाले. त्याला निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचे, म्हणजे मरियामातेचे नाव दिले. वर डोंगरमाथ्यावर मोठी इमारत बांधली. तेथे साधूंचा मठ आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांसाठी विद्यालय सुरू झाले. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने त्याच्या खर्चाची नेमणूक करून दिली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न या विद्यालयाकडे वळवले. ज्या भाताच्या खंडावर शंकरापुढचा नंदादीप जळत होता, त्याच भातावर आता मठातली पंगत बसू लागली.

पोर्तुगीज कागदपत्रांत मंडपेश्वराचे मोनपासेर झाले. १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी येथे आला होता. खडकात कोरलेले चर्च, त्याच्या डोक्यावर विद्यालय आणि फ्रान्सिस्कनांचा मठ, असे वर्णन त्याने केले आहे. हे चर्च पूर्वी देऊळ होते, बाजूच्या भिंती नैसर्गिक खडकाच्या असून फक्त पुढची भिंत बांधून काढलेली आहे, हेही त्याने टिपून ठेवले.

लालिबेला आणि मंडपेश्वर यांत फरक हा असा आहे. तेथल्या भक्तांनी आपल्या देवासाठी स्वतः डोंगर कोरला. येथे दुसऱ्याने आपल्या देवासाठी कोरलेले घर जिंकणाऱ्याने घेतले. दगड तोच, पण गोष्ट वेगळी. ती वेगळीच सांगितली पाहिजे.

मुलाचा प्रश्न

लेण्याच्या एका बाजूला एक शिल्पपट छिलून काढला आहे आणि त्या जागी मोठा क्रूस कोरला आहे. आमच्या बरोबर नातू होता, इयत्ता पाचवीतला. त्याने तो पाहिला आणि विचारले, "आजोबा, देव खोडून क्रूस कोणी काढला?"

अशा वेळी मोठ्या माणसाला दोन सोप्या वाटा दिसतात. एक म्हणजे "काही नाही रे, चल पुढे" म्हणून मुलाला ओढून न्यायचे. दुसरी म्हणजे त्याच्या मनात कोणाविषयी तरी राग पेरायचा. पहिल्या वाटेने मूल अडाणी राहते, दुसऱ्या वाटेने ते विषारी होते. म्हणून त्याला बसवून जे घडले ते सांगितले. पोर्तुगीज राज्य होते, त्यांनी आपल्या सत्तेच्या जोरावर हे केले, ते चांगले केले नाही. या गोष्टीला पावणेपाचशे वर्षे होत आली.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग शेजारच्या चर्चकडे बोट करून म्हणाला, "मग तिथे जातात ती माणसं?"

उत्तर त्याच्या आजीने दिले. ती म्हणाली, "अरे, ती माणसं तेव्हाही इथंच शेती करत होती. त्यांनी काही फोडलं नाही. तुझ्या पणजोबाच्या वेळी कोणी बांध कोरला, तर त्याचं भांडण तू आज शाळेतल्या पोराशी करशील का?"

पोराला बांधाचे भांडण कळत नव्हते, शहरातले मूल ते. पण आम्हा दोघांना पुरते कळत होते.

१७३९ नंतर

पुढचा फेरफार मराठ्यांचा. पेशवे बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी उत्तर कोकणची मोहीम काढली. घोडबंदर १७३७ साली मराठ्यांकडे आले, आणि मोठ्या रक्तपातानंतर मे १७३९ मध्ये वसई पडली. वसईच्या शरणागतीच्या वेळी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा ठेवण्यात आली होती. युरोपीय साधू निघून गेले. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींची धर्मकृत्ये आपल्याच मातीतले धर्मगुरू पाहू लागले.

मंडपेश्वरच्या मठाचे दिवस मात्र संपले. माणसे गेली, उत्पन्न बंद झाले, छपराला हात लावणारे कोणी उरले नाही. पुढे १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली. वरच्या भिंतींवर पिंपळ-उंबरांनी मुळे धरली. खाली मूर्तींपुढची भिंत निघाली आणि शंकर पुन्हा उजेडात आले. आज गाभाऱ्यात पूजा होते, महाशिवरात्रीला रांग लागते.

एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मूर्तींवर घण बसला त्या कायमच्या गेल्या. ज्यांच्या पुढे नुसती भिंत बांधली, त्या भिंतीआड राहिल्या. फोडलेले परत येत नाही, झाकलेले परत येऊ शकते. कोठल्याही काळात, कोणाच्याही हातात सत्ता आली, तरी ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

चर्चचेही येथून उच्चाटन झाले नाही. डोंगरालगत त्याच मरियामातेच्या नावाचे चर्च आज नांदते आहे. आय. सी. कॉलनी हे वस्तीचे नावदेखील त्याच नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. शेजारी संत फ्रान्सिस यांच्या नावाची मोठी शाळा आहे. तेथे सर्व जातिधर्मांची मुले शिकतात. सोळाव्या शतकात मठाबरोबर विद्यालय आले, मठ गेला आणि विद्या राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

आगेरा आणि नवान्न

राज्ये बदलली तेव्हा कसणारी माणसे काय करत होती? ती भात लावत होती. सुलतान असो, फिरंगी असो, पेशवे असोत की इंग्रज, मृग बरसला की पेरणी, आषाढात आवण, दिवाळीच्या सुमारास कापणी. यांपैकी काही कुटुंबे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली, काही झाली नाहीत, पण बांधाला बांध लागूनच राहिली.

साष्टी आणि वसईच्या या ख्रिस्ती समाजातील बऱ्याच लोकांनी १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतले. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठीची, जुन्या बायकांच्या अंगावर लुगडे, आणि लग्नात मराठी गाणी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे आगेरा नावाचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या शेतातून वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, मग घरोघर त्या वाटतात. आपल्याकडे नवान्नाच्या दिवशी नव्या भाताची लोंबी देवापुढे ठेवून मग दाराला बांधतात. देवघर वेगळे, पण लोंबी एकाच शेतातली. भाताला धर्म विचारता येत नाही, आणि पाऊसही घर पाहून पडत नाही.

आता मात्र खाचरेच फार थोडी उरली आहेत. गोराई, उत्तन, डोंगरीकडे काही दिसतात. ज्या गावात शेत उरले नाही तेथेही आगेरा होतो. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. शेती गेल्यावर सणाला लोंबी विकत घ्यावी लागणे काय असते, हे शहरालगतच्या गावच्या वाचकांना सांगायला नको.

आजची अवस्था

मंडपेश्वर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० सालच्या कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे अशा संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एवढ्या दाट वस्तीत कायदा नसता तर पटांगणाची काय गत झाली असती, याची कल्पना करवत नाही. तरीही पावसाळ्यात खडकातून पाणी झिरपते, शेवाळ धरते, दगडाचे पापुद्रे सुटतात. माणसाच्या घणापेक्षा पाण्याचा घण हळू बसतो, पण तो थांबत नाही. दहिसर नदी पूर्वी लेण्याच्या जवळून वाहत असे. पात्र सरकले, आणि नदीही आता शहरातल्या इतर नद्यांसारखीच दीनवाणी झाली आहे.

जाणाऱ्यांनी भिंतीवर नाव खरडू नये, मूर्तींना हात लावू नये, शेंदूर-तेल फासू नये. वरच्या पडक्या मठात भिंतींवर चढू नये. मुलांना बरोबर घेऊन जावे आणि त्यांनी विचारलेले काही टाळू नये.

कसे जावे

पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकावर पश्चिमेला उतरून रिक्षाने मंडपेश्वर लेणी म्हणून सांगावे. दहिसर स्थानकावरूनही जाता येते. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोवर मंडपेश्वर नावाचे स्थानकच आहे, तेथून लेणे जवळ. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. एका दिवसात जमवायचे असेल तर सकाळी मंडपेश्वर, दुपारी जवळच्याच एक्सर गावठाणातील वीरगळ, असा बेत करावा. सवड असल्यास दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची शंभरावर लेणी पाहावीत. त्यासाठी मात्र पूर्वेला उतरावे लागते.

एक्सरच्या वीरगळांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या नावा, त्यांत बसलेले सैनिक, वर स्वर्गात गेलेले वीर. असे नौकायुद्धाचे वीरगळ फार दुर्मीळ. शतकानुशतके ते ऊन-पाऊस खात उघड्यावर उभे राहिले आहेत.

वीरगळ आपल्याही गावात असतो. मारुतीच्या पाराला टेकलेला, ओढ्याच्या काठी आडवा पडलेला, कधी गोठ्याची पायरी झालेला, कधी धुणे धुवायला घातलेला. बांध घालताना नांगराला लागलेला एखादा घडीव दगड कित्येकदा ताल रचण्यात जातो. आपल्याला वाटते, जुना दगड, त्याचे काय? मंडपेश्वर पाहून आल्यावर तसे वाटत नाही. असा दगड दिसला तर तो फोडू नका, रंगवू नका. पालथा असेल तर चार माणसांनी उचलून उभा करा आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींना दाखवा. त्यावर कोणाची नोंद आहे ते पोरांना वाचू द्या, मग ती नोंद आपल्या आवडीची असो वा नसो.